दोघांच्या मधली जागा

कर्जत तालुक्यातल्या कोंढाणे लेण्यांत, चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला डाव्या हाताला, एका मोठ्या मूर्तीचं नुसतं डोकं उरलंय. तेही फुटकं. बाकीचं शरीर कधीच गेलं. पण त्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत कोरलेली एक ओळ आहे. भाषा प्राकृत, मजकूर एवढाच की कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं.

'हे' म्हणजे नेमकं काय? ती मूर्ती, की अख्खं चैत्यगृह? अभ्यासकांचं यावर एकमत नाही. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सोबत राहून शिकणारा. तो भिक्खू असेल, कारागीरही असेल. मला त्या ओळीत आवडते ती दुसरीच गोष्ट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःचं नाव लिहिताना आधी ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव लिहिलं. दगडात शरीर कसं उभं करायचं हे त्याला पुस्तकातून नाही, एका माणसाच्या हाताकडे बघून कळलं असणार.

(मॅपवर 'कोंढाणा' टाकलंत तर तो तुम्हाला थेट सिंहगडावर नेईल. ही लेणी त्या कोंढाण्याची नाहीत. कर्जतहून कोंदिवड्याच्या बाजूला या, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी. पावसाळ्यात लेण्यांसमोर धबधबा कोसळतो आणि शनिवार-रविवारी तो बघायला झुंबड उडते. धबधब्यासोबत सेल्फी निघतात. वर मान करून बघणारे थोडे.)

वर बघायचं कारण आहे. पिंपळपानाच्या आकाराच्या त्या मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना, दगडी वेदिकेच्या नक्षीमध्ये, लहान लहान चौकटी आहेत. त्यांत माणसं नाचतायत. बहुतेक जोड्याजोड्यांनी. गुडघे वाकलेले, कंबर एकीकडे गेलेली, धड वळलेलं, हात वर. घाट चढून पलीकडे गेलात तर कार्ल्याच्या लेण्यात याहून कितीतरी मोठ्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या भेटतात, पण त्या शांत उभ्या आहेत, खाऊनपिऊन सुखी माणसं फोटोला उभी राहतात तशा. कोंढाण्याच्या जोड्या लहान आहेत, झिजल्यात, आणि तरी त्या हलतायत असं वाटतं. दगड हलत नाही हे मला माहीत आहे. मग 'वाटतं' ते कशामुळे?

हा प्रश्न मला पडला तो कामामुळे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली काही वर्षं कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचं शरीर बिंदूंत बदलण्याचं काम करतोय. तुम्ही मोबाइल समोर ठेवून बैठका मारता आणि अ‍ॅप सांगतं, 'आणखी खाली बसा', त्यामागचं काम. यासाठी लागणारी मॉडेलं आता फुकट मिळतात. एका प्रसिद्ध डेटासेटमध्ये माणूस म्हणजे १७ बिंदू: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे. गुगलच्या मीडियापाइपमध्ये माणूस म्हणजे ३३ बिंदू. बिंदू जोडले की काड्यांचा माणूस तयार. ऑफिसात आम्ही त्याला सांगाडा म्हणतो.

कोंढाण्याच्या एका चौकटीचा फोटो मी गंमत म्हणून त्या मॉडेलला दिला. झिजलेल्या दगडात त्याला फारसं काही सापडलं नाही, ते अपेक्षितच होतं. मग मीच हाताने बिंदू ठेवले. एका आकृतीचे ठेवले, दुसरीचे ठेवले, मागचा फोटो काढून टाकला. स्क्रीनवर दोन सांगाडे राहिले. एक झाकून दुसरा बघितला की तो तोल जाऊन पडणारा माणूस दिसायचा. दोन्ही एकत्र बघितले की नाच.

शरीराची हालचाल टिपायची म्हणजे काहीतरी सोडून द्यावंच लागतं. सगळं टिपलं तर ते शरीरच होईल. त्यामुळे हा इतिहास मला काय टिपलं यापेक्षा कुणी काय सोडलं याचा वाटतो.

नाट्यशास्त्रापासून सुरुवात करू. त्याचा काळ साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. २०० असा धरतात, म्हणजे कोंढाण्याच्या आगेमागेच. बलकाने ते वाचलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्याच शतकांत कुणीतरी शरीराचं बारीक कोष्टक मांडत होतं. हाताच्या आणि पायाच्या एकत्र हालचालीला तिथे करण म्हणतात. अशी १०८ करणं. पायाच्या चालींना चारी म्हणतात, त्या ३२: सोळा जमिनीवरच्या, सोळा हवेतल्या. पुरुषाने उभं राहण्याच्या सहा पद्धती. आणि त्यांत चक्क अंतरं दिली आहेत. वैष्णव स्थानात दोन पावलांत अडीच ताल, वैशाखात साडेतीन, मंडलात चार, आलीढात पाच. ताल म्हणजे अंगठा आणि मधलं बोट ताणल्यावर होणारं अंतर, बारा अंगुळं.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात की बिंदूंमधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजू नका, कारण माणूस कॅमेऱ्याच्या जवळ-लांब असतो, उंच-ठेंगणा असतो. त्याच्याच धडाच्या लांबीने भागा. शरीराला शरीरानेच मोजा. नाट्यशास्त्र वीत वापरतं, आम्ही खांद्यापासून खुब्यापर्यंतची लांबी. युक्ती तीच.

आणखी एक. आलीढात शस्त्र सज्ज करायचं आणि प्रत्यालीढात, म्हणजे पाय उलटे करून, ते सोडायचं, असं तिथे सांगितलंय. म्हणजे एकटं आलीढ अपुरं आहे. त्याचा अर्थ पुढच्या स्थितीत जाऊन पूर्ण होतो.

हीच गोष्ट पुढे विसरली गेली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात अकराव्या शतकात करणं कोरायला घेतली. ८१ झाली आणि काम थांबलं, उरलेले दगड आजही कोरे आहेत. चिदंबरमच्या गोपुरांवर १०८ आहेत. या शिल्पांकडे बघून विसाव्या शतकात अनेकांचा समज झाला की करण म्हणजे पोज. अमुक हात इथे, तमुक पाय तिथे, झालं. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी हा समज खोडून काढला. नर्तिका आणि संशोधक अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी मांडलं की करण ही हालचाल आहे, तिला सुरुवात, मध्य, शेवट आहे, आणि शिल्पकाराने त्यातला एकच क्षण निवडला. वेगवेगळ्या मंदिरांत एकच करण वेगळं दिसतं, कारण प्रत्येकाने वेगळा क्षण उचलला.

याचा पुरावा बघायला तमिळनाडूपर्यंत जायची गरज नाही. साताऱ्यात नटराजाचं मंदिर आहे, त्याला उत्तर चिदंबरम म्हणतात. तिथल्या १०८ करणांच्या नव्या शिल्पांची आखणी पद्माताईंची आहे. तिथे प्रत्येक करणात शिव आणि पार्वती दोघं आहेत, आणि दोघं एकाच हालचालीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. एका दगडात वेळ घुसवायची ही पद्धत मला भन्नाट वाटते. आमच्या भाषेत सांगायचं तर एका चित्रात दोन फ्रेम.

कोंढाण्याच्या जोड्या काय आहेत मग? एकाच हालचालीचे दोन टप्पे की दोन वेगळी माणसं? मला वाटतं दुसरं. कारण त्यांची शरीरं एकमेकांना उत्तर देतात.

पश्चिमेकडे हे काम रुडॉल्फ लाबान यांनी केलं. १८७९ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या प्रेसबुर्गमध्ये, म्हणजे आजच्या ब्राटिस्लाव्हात जन्म. १९२८ मध्ये त्यांनी नृत्य लिहून ठेवायची लिपी प्रसिद्ध केली. ती खालून वर वाचतात. मधली रेघ म्हणजे शरीराचा मध्य. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, त्यातली छटा उंची सांगते आणि लांबी वेळ. एका जागी उभं राहून हातपाय जिथवर पोचतात तेवढ्या अवकाशाला त्यांनी नाव दिलं, ते एक गोलच समजा. माणूस चालला की हा गोलही त्याच्यासोबत चालतो. पुढे ब्रिटनमध्ये त्यांनी एफ. सी. लॉरेन्स या उद्योग सल्लागाराबरोबर कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि १९४७ मध्ये दोघांचं त्यावरचं पुस्तक आलं. वजन, अवकाश, वेळ आणि ओघ या चार गोष्टींनी त्यांनी हालचालीचा स्वभाव सांगितला. थप्पड आणि थाप यांत हाताचा मार्ग जवळपास सारखाच असतो. फरक असतो तो या चार गोष्टींत. आमचे ३३ बिंदू मार्ग सांगतात. वजनाबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत.

मुंबईत कनक रेळे यांनी साधारण हाच प्रश्न मोहिनीआट्टमच्या बाबतीत हाताळला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या केरळात गेल्या, तिथल्या वयस्कर गुरूंचं नृत्य त्यांनी फिल्मवर टिपलं आणि त्यावरून शरीराच्या गतीचं विश्लेषण करत स्वतःची पद्धत उभी केली. १९७२ मध्ये त्यांचं नालंदा नृत्यकला महाविद्यालय सुरू झालं. ज्या गुरूंच्या अंगात ते नृत्य होतं त्या थकत चालल्या होत्या, आणि ते लिहून ठेवण्याची घाई होती. बलकाला कण्ह होता. त्यानंतरच्या प्रत्येकाला असाच कुणीतरी हयात माणूस लागतो, आणि तो कायम हयात नसतो.

१९७३ साली स्वीडनच्या गुन्नार योहानसन या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. माणसाच्या सांध्यांवर दहाबारा दिवे लावले, अंधार केला आणि चित्रीकरण केलं. थांबलेल्या चित्रात लोकांना नुसते ठिपके दिसले. फिल्म सुरू झाली की क्षणात कळलं, माणूस चालतोय. आमचा अख्खा धंदा या प्रयोगाच्या खांद्यावर उभा आहे. पण त्यातली खरी गोष्ट अशी की ठिपक्यांत माणूस नव्हता, तो ठिपक्यांच्या बदलत्या नात्यांत होता.

आता नाटकाकडे येतो, कारण अंतराचा खेळ मला तिथे जास्त ठळक दिसतो. नाट्यशास्त्राने मध्यम आकाराचं नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितलं. कारण व्यवहारी: याहून मोठं केलं तर नटाचा चेहरा दिसणार नाही, आवाज पोचणार नाही. आणि रंगमंचावर जागेचे भाग पाडून एक फेरी मारली की नट एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचला, हा संकेतही तिथलाच. दशावतार किंवा तमाशा बघितलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

१६ डिसेंबर १९७२. पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना. त्यातली माणसांची भिंत सगळ्यांना माहीत असते, नाटक न बघितलेल्यांनाही. पांढऱ्या कपड्यांतले पुरुष खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहतात, डोलतात, गातात. ते समोर तोंड करून असतात तेव्हा पुण्याचे ब्राह्मण. पाठ फिरवली की भिंत. भिंतीमागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, पण काहीतरी चाललंय हे कळतं. ओळ फुटते तेव्हा आतलं बाहेर येतं.

इथे अभिनय कुणा एकाच्या शरीरात नाही. दोन खांद्यांमध्ये फट आहे की नाही, यात तो आहे. फट नसली की समाज, आणि फट पडली की माणूस एकटा सापडला. मी या नाटकाचं चित्रीकरण बघितलंय तेव्हा दर वेळी त्या फटींकडेच बघत बसलोय.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ च्या पुस्तकात माणसामाणसांतल्या अंतरांचे पट्टे पाडले: दीड फुटाच्या आत जिव्हाळ्याचं, चार फुटांपर्यंत ओळखीचं, बारा फुटांपर्यंत कामकाजाचं, त्यापलीकडे सार्वजनिक. ही मापं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांची, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. बरं केलं. सकाळच्या कर्जत किंवा खोपोली लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून दोन तास जाणाऱ्या माणसाला दीड फुटाचा हा हिशेब ऐकवला तर तो हसेल. तिथे जिव्हाळा अंतराने ठरत नाही. मान कुठे वळवायची, मोबाइल किती उंचीवर धरायचा, कोपर कुणाच्या बरगडीला लावायचं नाही, यावर ठरतो. ही पण एक नृत्यरचनाच, फक्त तिला कुणी मुळगुंद नाहीत.

लोकलच्या याच रुळांपासून जवळ, खालापूर तालुक्यात चौकजवळ, कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा केला. लोक त्याला 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणतात, खालापूरकरांना ते आवडत नाही. 'जोधा अकबर'चे महाल इथे उभे राहिले. त्या चित्रपटातल्या भव्य समूहनृत्याच्या गाण्यासाठी चिन्नी प्रकाश आणि रेखा प्रकाश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या गाण्यात कॅमेरा वर जातो आणि माणसं रांगोळी होतात. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोला. पण वरून बघताना माणसाचं वजन नाहीसं होतं, राहतो तो रंग आणि ठिपका. कोंढाण्याचा शिल्पकार खालून बघणाऱ्यासाठी कोरत होता, आणि त्याच्याकडे चौकटीत जागा होती दोघांपुरतीच. या दोन ठिकाणांत फार तर तासाभराचा रस्ता आहे.

आता माझ्या सांगाड्यांबद्दल. मीडियापाइपचं शरीर ओळखणारं मूळ मॉडेल एका वेळी एकच माणूस गृहीत धरून बनवलेलं आहे. त्यात वावगं काही नाही. व्यायाम, फिजिओथेरपी, योगासनं, सगळं एकट्याचंच असतं. अनेक माणसं एकत्र ओळखणारी मॉडेलंही आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं २०१७ मधलं ओपनपोझ त्यातलं गाजलेलं. पण तीही बहुतेकदा आधी 'कुणाचा हात कुणाचा' हे सोडवतात आणि मग प्रत्येकाला वेगळं करून ठेवतात. शेवटी हातात येतात सुटी माणसं. करणांची व्याख्या एकट्या शरीराची, लाबानचा गोल एकट्याचा, माझा सांगाडाही एकट्याचा. मोजायला सोपं जातं म्हणून एकटं शरीर हेच एकक होऊन बसलं, असं माझं मत झालंय. एकक एकदा ठरलं की त्यात न बसणारं काहीच आपल्याला दिसत नाही.

आमच्याकडे गौरी जागवायच्या रात्री ओटीवर फुगड्या होतात. परवाच्या वर्षी मी मोबाइल तिवईला लावून आत्या आणि माझी चुलत बहीण यांच्या फुगडीचा व्हिडिओ घेतला. आत्या साठीला आलेली, अंगाने भरलेली. बहीण बारावीत, काडीसारखी. पायाला पाय भिडवले, हातांची फुली करून धरले आणि दोघी मागे झुकल्या.

"मोजतोस कसला त्यात?" आत्याने गिरकी संपल्यावर धापा टाकत विचारलं.

"तुमचा तोल."

"माझा कुठला? तो हिच्याकडं असतो. हिनं हात सोडला तर मी थेट तुळशीपाशी."

मॉडेलने अपेक्षेप्रमाणे गोंधळ घातला. दर अर्ध्या गिरकीला आत्याचे हात बहिणीला लावले, बहिणीचे आत्याला. एकेकीला वेगळं काढलं की प्रत्येक फ्रेममध्ये एक बाई पाठीवर पडताना दिसायची. वयस्कर माणसं पडली की इशारा देणारी जी सॉफ्टवेअर असतात, त्यांनी ती फुगडी बघितली असती तर अँब्युलन्स बोलावली असती.

मग मी सगळे बिंदू काढून टाकले आणि प्रत्येकीचा एकच ठेवला, दोन खुब्यांच्या मधला. दोन ठिपके. त्यांना जोडणारी एक रेघ. व्हिडिओ हळू करून लावला तर रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरत होती, पण तिच्यावरची एक जागा जवळजवळ हलत नव्हती. ती बरोबर मध्ये नव्हती. आत्याच्या बाजूला सरकलेली होती. वजन जास्त त्या बाजूचं वर्तुळ लहान, वजन कमी त्या बाजूचं मोठं. अकरावीच्या फिजिक्समधलं गणित. म्हणून आत्या बऱ्यापैकी ताठ राहून छोट्या गोलात फिरत होती, आणि बहीण पार मागे झुकून, वेणी उडवत, ओटीभर.

ते दोन ठिपके आणि रेघ मी आत्याला दाखवली. तिने चष्मा लावून बघितलं.

"यातली मी कोणती?"

"आतली."

"बरोबर," ती म्हणाली. "पोरीला लांब फिरवायचं असतं."